दारणेतील मासा आणि प्रयोगशाळेतील विष : नाशिक परिसरातील गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधनाचा इतिहास व पदव्युत्तर संशोधनाच्या संधी

सारांश

दख्खनच्या नद्यांतील माशांच्या शास्त्रीय अभ्यासास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात नाशिकजवळील देवळाली या ठिकाणास या अभ्यासात महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठांचा विस्तार झाला आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून माशांवरील विषशास्त्रीय प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. तथापि नदीतील माशांची नोंद करणारी परंपरा आणि काचपेटीतील माशांवर विषाची मात्रा तपासणारी परंपरा या दोन्ही परस्परांपासून अलग राहिल्या. प्रस्तुत निबंधात या दोन परंपरांचा ऐतिहासिक आढावा घेऊन त्यांच्या संगमावरच नाशिक परिसरातील पदव्युत्तर व पीएच.डी. संशोधनाच्या खऱ्या संधी आहेत, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : गोदावरी, दारणा, गोड्या पाण्यातील मासे, परिसंस्थीय विषशास्त्र, देवळाली, पदव्युत्तर संशोधन

१. प्रस्तावना

गोदावरी ही दक्षिण भारतातील सर्वांत लांब नदी असून तिची लांबी सुमारे १४६५ कि.मी. आहे. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरनजीकच्या ब्रह्मगिरी पर्वतावर तिचा उगम होतो. इगतपुरीच्या डोंगररांगांतून येणारी दारणा आणि दिंडोरी-निफाडमधून वाहणारी कादवा या तिच्या जिल्ह्यातील प्रमुख उपनद्या होत. जिल्ह्याच्या उत्तर भागातील गिरणा नदी तापीस जाऊन मिळते, तर वैतरणा व दमणगंगा या नद्या पश्चिमेकडे अरबी समुद्रास मिळतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन भिन्न जलप्रणालींची शीर्षस्थाने आढळतात. मत्स्यपरिस्थितिकीच्या अभ्यासकास अशी भौगोलिक अनुकूलता क्वचितच लाभते.

या नद्यांच्या धार्मिक, सांस्कृतिक व सिंचनविषयक इतिहासावर विपुल लेखन झालेले आहे. मात्र या नद्यांतील माशांविषयीचे ज्ञान कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने निर्माण केले, हा प्रश्न इतिहासलेखनात सहसा विचारला जात नाही. विज्ञानाचा इतिहास हा संस्थांचाही इतिहास असतो. कोणत्या प्रश्नांचा अभ्यास झाला आणि कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, हे संशोधकांच्या बुद्धिमत्तेइतकेच त्यांच्या संस्थात्मक परिस्थितीवर अवलंबून असते. याच दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

२. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद

भारतातील गोड्या पाण्यातील माशांच्या अभ्यासाचा पाया फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांच्या गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथाने घातला गेला. दख्खनच्या बाबतीत हे कार्य कर्नल विल्यम हेन्री साईक्स (१७९०–१८७२) यांनी केले. साईक्स हे मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी होते. १८२४ साली त्यांची इलाख्याचे सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमणूक झाली. जमीन, पिके, लोकसंख्या व हवामान यांची माहिती गोळा करीत असताना त्यांनी दख्खनमधील पशुपक्षी व मासे यांचीही नोंद केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा शोधनिबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत १८३९ साली प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक वैशिष्ट्य आहे. साईक्स यांनी अनेक नव्या जातींना स्थानिक कोळी व भोई समाजात प्रचलित असलेलीच नावे दिली. दख्खनच्या महसीर माशास त्यांनी 'खुद्री' हे नाव दिले व तो आजही टॉर खुद्री या शास्त्रीय नावाने ओळखला जातो. 'कोळस', 'नकटा', 'बोगट', 'शिंगटी' ही नावेही अशाच रीतीने शास्त्रीय नामावलीत कायम झाली. मुळा-मुठा, भीमा व घोड या नद्यांच्या काठी जाळे टाकणाऱ्या माणसांचे ज्ञान अशा प्रकारे जागतिक विज्ञानाच्या परिभाषेत शिरले. ज्यांच्याकडून ही नावे मिळाली त्या मच्छीमारांची नावे मात्र कोठेही उरली नाहीत. वसाहतकालीन ज्ञाननिर्मितीचा हा स्थायीभाव या लहानशा उदाहरणातूनही स्पष्ट होतो.

यानंतर फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय माशांवरील ग्रंथाने सर्व उपलब्ध ज्ञान एकत्र आणले. पुढे दीर्घकाळपर्यंत हा ग्रंथ संदर्भासाठी प्रमाण मानला गेला.

३. देवळालीची लेखमाला

भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १९१६ साली झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी सह्याद्रीतील लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीकडे लक्ष वेधले. खंडाळ्याच्या ओढ्यांतील एका लहान माशाचे वर्णन त्यांनी १९१९ साली केले. त्याच जातीच्या आधारे सुंदरलाल होरा यांनी १९२१ साली पॅराप्सिलोऱ्हिंकस ही नवी प्रजाती प्रस्थापित केली. होरा (१८९६–१९५५) हे वेगवान प्रवाहातील माशांच्या शरीररचनेचे जगन्मान्य अभ्यासक होते. खडकाला चिकटून राहण्यासाठी माशांच्या ओठांत, छातीत व परांत कोणते बदल होतात, याविषयीचे त्यांचे विवेचन आजही पायाभूत मानले जाते.

होरा व के. एस. मिश्रा यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात देवळालीच्या माशांवरील लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. या मालेतील १९३८ च्या दुसऱ्या लेखात दारणा नदीतील एका नव्या जातीचे वर्णन आले. सोसायटीचे तत्कालीन अभिरक्षक एस. एच. प्रेटर यांच्या सन्मानार्थ तिला पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी असे नाव देण्यात आले. आज आंतरराष्ट्रीय सूचीत हा मासा 'देवळाली मिनो' या नावाने ओळखला जातो. काही सेंटीमीटर लांबीचा हा मासा बाजारात विकला जात नाही व त्यास अन्न म्हणूनही मोल नाही. परंतु ज्याच्या नावातच नाशिक परिसरातील गावाची ओळख आहे, असा हा मासा असल्यामुळे या परिसराच्या विज्ञानेतिहासात त्याचे स्थान असाधारण आहे.

पुण्याच्या बाबतीतही याच काळात अशा याद्या तयार झाल्या. फ्रेझर यांची १९४२ ची आणि सूटर यांची १९४४ ची पुण्याच्या माशांवरील टिपणे ही त्यांपैकी प्रमुख होत. या याद्यांचे महत्त्व त्या काळी कदाचित जाणवले नसेल. पुढे नद्या बदलल्यावर 'पूर्वी येथे काय होते' या प्रश्नाचे उत्तर देणारा दुसरा कोणताही दस्तऐवज उरला नाही, तेव्हा ते प्रत्ययास आले. २००३ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्यातील माशांच्या दीर्घकालीन बदलांवरील अभ्यासास या जुन्या याद्यांचाच आधार होता.

४. धरणे, मत्स्यबीज आणि बदललेली नदी

देवळालीची लेखमाला लिहिली गेली तेव्हाही दारणा ही पूर्णतः नैसर्गिक अवस्थेतील नदी नव्हती. नांदूर मधमेश्वर येथील बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला आणि दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. या जलाशयास 'लेक बील' असे नाव देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर गोदावरीवर १९६५ साली गंगापूर धरण, गिरणेवर १९६९ साली गिरणा धरण आणि पैठण येथे १९७६ साली जायकवाडी प्रकल्प पूर्ण झाला. सिंचन व पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने या प्रकल्पांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र वाहत्या पाण्यात खडकांवरील शेवाळ खरवडून जगणाऱ्या माशांच्या दृष्टीने जलाशय म्हणजे अधिवासाचा अंत होय.

जलाशयांची निर्मिती झाल्यावर मत्स्यसंशोधनाचा रोखही बदलला. १९४७ साली केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन केंद्राची स्थापना झाली. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला. त्यानंतर कटला, रोहू व मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊन ते देशभरच्या जलाशयांत सोडले जाऊ लागले. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हा परदेशी मासाही कालांतराने बहुतेक जलाशयांत पसरला. या काळातील संशोधनाचा प्रमुख प्रश्न 'किती उत्पादन' हा होता. 'कोणती जात' हा जुना प्रश्न मागे पडला. अन्नटंचाईच्या त्या काळात हे स्वाभाविकच होते. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, ज्या माशांस बाजारभाव नव्हता ते संशोधनाच्याही कक्षेबाहेर गेले.

यास लोणावळ्याजवळील वळवण येथील महसीर प्रजनन केंद्राचा अपवाद सांगता येईल. महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महसीरच्या अंडी घालण्याच्या सवयी व आरंभीची वाढ यांवर १९७१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. या कार्यातून स्थानिक जातीच्या कृत्रिम प्रजननाचा मार्ग खुला झाला.

५. विद्यापीठे आणि विषशास्त्राचा उदय

नाशिक येथे १९२४ साली हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू झाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षण जवळच उपलब्ध होणे, ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना होती. प्राणिशास्त्र विभागांतून एम.एस्सी., एम.फिल. व पीएच.डी. च्या संशोधनास याच काळात गती आली.

याच सुमारास जगभरात कीटकनाशकांच्या परिणामांविषयी जाणीव निर्माण झाली होती. रॅचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. फ्रेंच विषतज्ज्ञ रेने त्रुओ यांनी १९६९ साली परिसंस्थीय विषशास्त्र ही संज्ञा योजली. महाराष्ट्रात १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. १९७४ साली केंद्रीय जल कायदा संमत झाला. पर्यावरण संरक्षण नियमांतील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत तर माशालाच कसोटी मानण्यात आले. पूर्ण तीव्रतेच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशी ती अट आहे.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन प्रयोगशाळांत एक विशिष्ट संशोधनपद्धती रूढ झाली. स्थानिक बाजारातून वा तलावातून मासे आणावयाचे, त्यांना काचपेटीत स्थिरस्थावर होऊ द्यावयाचे, कीटकनाशकाच्या निरनिराळ्या मात्रा द्यावयाच्या आणि ९६ तासांत निम्मे मासे ज्या मात्रेने मरतात ती एलसी-५० ही मात्रा प्रोबिट विश्लेषणाने काढावयाची. त्यानंतर कल्ले, यकृत व मूत्रपिंड यांतील बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. कमी खर्च, थोडी जागा आणि निश्चित कालावधी या तीन कारणांमुळे ही पद्धती मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांस सोयीची ठरली. तिचे योगदान नाकारता येणार नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील द्रव्ये ॲसिटिलकोलिनइस्टरेज या विकराचे कार्य रोखतात, तसेच कृत्रिम पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांस अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, या गोष्टी शेकडो विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी अनुभवल्या.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रयोगासाठी निवडला जाणारा मासा बहुधा काटक असतो, कारण नाजूक मासा काचपेटीत टिकत नाही. मरळ वा तिलापिया यांवरून काढलेला निष्कर्ष प्रवाही, प्राणवायूयुक्त पाण्यातील लहान माशास लागू पडेलच असे नाही. दुसरे असे की, नदीतील विष एकटे नसते. त्यात सांडपाणी, खते, बुरशीनाशके व औषधांचे अंश एकत्र असतात आणि त्यांची मात्रा ऋतूनुसार बदलते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की, माशाचा मृत्यू आणि माशाच्या जातीचा नाश या दोन भिन्न घटना आहेत.

६. उत्तर गोलार्धातील एक प्रयोग

या तिसऱ्या मुद्द्याचे स्पष्टीकरण कॅनडातील एका प्रयोगाने होते. ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागातील सरोवरांचा एक समूह १९६८ पासून केवळ संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला आहे. तेथील २६० क्रमांकाच्या सरोवरात २००१ ते २००३ या तीन वर्षांत गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन अत्यल्प प्रमाणात सोडण्यात आले. शहरी सांडपाण्यात आढळणारी मात्राच त्यासाठी निवडली होती. त्या मात्रेने मासे तडफडून मेले नाहीत. मात्र नर माशांत मादीसारखी लक्षणे दिसू लागली, प्रजनन खुंटले आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या जवळजवळ नष्टप्राय झाली. याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले.

नाशिकच्या संदर्भात या प्रयोगाचा बोध महत्त्वाचा आहे. अल्पायुषी लहान मासा एकदोन वर्षे प्रजनन करू शकला नाही तर त्याची जात धोक्यात येते. नदीवर मेलेल्या माशांचा खच पडला तर त्याची बातमी होते. पावसाळ्यात पिल्लेच जन्मली नाहीत तर त्याची बातमी होत नाही, आणि ९६ तासांची कसोटीही ती घटना टिपू शकत नाही.

७. नाशिक परिसरातील संशोधनाच्या संधी

वरील इतिहासाच्या प्रकाशात पदव्युत्तर संशोधनाची पुढील क्षेत्रे निर्देशित करता येतात.

(अ) देवळालीच्या यादीचे पुनःसर्वेक्षण : होरा व मिश्रा यांच्या याद्या ही नाशिकची आधाररेषा आहे. दारणेच्या उगमाकडील ओढे, धरणाखालील पात्र, देवळाली व चेहेडी परिसर आणि गोदावरी संगम अशा टप्प्यांवर सर्व ऋतूंत नमुने घेऊन आजची स्थिती तपासता येईल. २००४ साली नीलेश दहाणूकर, रूपेश राऊत व अनुराधा भट यांनी पश्चिम घाटातील २८८ जातींचा आढावा घेतला व त्यांपैकी ११८ जाती प्रदेशनिष्ठ असल्याचे दाखविले. २०११ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनात देवळाली मिनोची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. २०२० साली नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ घोषित झाले, तेव्हा त्याच्या वर्णनातही या माशाचा उल्लेख आला. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पाणथळ भूमीचे महत्त्व अशा रीतीने एका लहान माशाशीही जोडले गेले आहे.

(आ) द्राक्षशेती व जलचर : नाशिक हा देशातील अग्रगण्य द्राक्षउत्पादक जिल्हा आहे. एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांनंतर बागांत फवारण्यांचे चक्र सुरू होते. २०१० साली क्लोरमेक्वाट या द्रव्याच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली, तेव्हा उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीच्या द्राक्षांतील अंश तपासण्याची काटेकोर व्यवस्था आज अस्तित्वात आहे, कारण त्यामागे बाजारपेठेचा दबाव आहे. ओढ्यातील माशामागे असा कोणताही दबाव नाही. बोर्डो मिश्रणातील तांबे माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असते आणि मृदू पाण्यात त्याची विषारता वाढते. पाण्याची कठिणता, ऋतू व तांब्याचा परिणाम यांचा संबंध हा सामान्य प्रयोगशाळेतही हाताळता येण्याजोगा विषय आहे.

(इ) शहरी सांडपाणी व प्रजनन : २०१२ साली गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा व येऊ घातलेला २०२७ चा सिंहस्थ यांमुळे पाण्याची गुणवत्ता हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. तथापि ही चर्चा बहुधा जैविक ऑक्सिजन मागणी व जंतूंची संख्या यांपुरती सीमित राहते. मलनिस्सारण केंद्रांच्या वरच्या व खालच्या बाजूच्या माशांतील बीजकोशांची अवस्था, नर-मादी प्रमाण व रक्तपेशींतील सूक्ष्मकेंद्रके यांची तुलना केल्यास नदीच्या आरोग्याचे अधिक सखोल चित्र मिळेल.

(ई) लोकज्ञानाचे संकलन : २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. जुन्या मच्छीमारांच्या आठवणीतील मासे, त्यांची नावे व त्यांच्या अदृश्य होण्याचा काळ यांची नोंद इतिहास व प्राणिशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावी असा हा विषय आहे. साईक्स यांनी नावे घेतली, नावे सांगणाऱ्यांस मात्र वगळले. ही उणीव आता भरून काढता येईल.

८. संस्थात्मक अडचणी

या संधींच्या मार्गात काही वास्तव अडसर आहेत. नद्यांची खोरी आणि विद्यापीठांची कार्यक्षेत्रे यांचा मेळ बसत नाही. गोदावरीचा नाशिकमधील भाग पुणे विद्यापीठाकडे, तर पैठणचा भाग मराठवाडा विद्यापीठाकडे येतो. गिरणा मालेगावपर्यंत एका विद्यापीठात व त्यापुढे जळगावकडे दुसऱ्या विद्यापीठात वाहते. परिणामी संपूर्ण नदीचा अभ्यास एका प्रबंधात सामावणे कठीण होते. संयुक्त मार्गदर्शन व नमुन्यांची देवाणघेवाण हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

२०२२ च्या नियमावलीने विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. पदवी बंद केली. पूर्वी एम.फिल. च्या लघुप्रबंधातून स्थानिक तलाव वा ओढ्यांवरील अभ्यास होत असत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पांनी ती जागा भरून काढली पाहिजे. पीएच.डी. साठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट, इन्स्पायर तसेच बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांची योजना आहे. मत्स्यशास्त्रातील स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील महाविद्यालयांतून उपलब्ध आहे. याखेरीज २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी माशांवरील प्रयोगांतही प्राण्यांच्या वेदनांचा विचार करणे आवश्यक ठरविले आहे. केवळ मृत्यू मोजणाऱ्या प्रयोगांऐवजी पर्यायी पद्धतींकडे वळण्यास हेही एक कारण आहे.

९. निष्कर्ष

नाशिक परिसरातील मत्स्यसंशोधनाच्या इतिहासात तीन टप्पे दिसून येतात. पहिल्या टप्प्यात जातींची नोंद झाली, दुसऱ्यात उत्पादनावर भर दिला गेला आणि तिसऱ्यात विषाची मात्रा मोजली गेली. प्रत्येक टप्प्यातील ज्ञान आपापल्या परीने मोलाचे होते. तथापि ज्या नदीत ती जात प्रथम आढळली त्याच नदीतील पाण्याचा त्याच जातीवर काय परिणाम होतो, हा साधा प्रश्न या तिन्ही टप्प्यांच्या मध्ये निसटला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी जुनी यादी उपलब्ध आहे, प्रयोगपद्धती अवगत आहेत आणि नदी महाविद्यालयांच्या दारात आहे. अतिसंकटग्रस्त जातीच्या बाबतीत कालावधी हाच निर्णायक घटक असतो. तिचे अस्तित्व संपल्यानंतर केलेल्या संशोधनास केवळ ऐतिहासिक मूल्य उरते. म्हणून दारणेच्या खोऱ्यातील पुनःसर्वेक्षणास प्राणिशास्त्र विभागांनी पुढील पदव्युत्तर प्रकल्पांत अग्रक्रम द्यावा, असे या विवेचनावरून सुचवावेसे वाटते.